कॉर्नेलियाबाईंचा अर्ज

आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही मुली बारावीचा निकाल लागल्यावर पुन्हा आम्हांस भेटावयास येतात. कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असतो; अर्जात काय लिहावे, शिफारसपत्र कोणाचे आणावे, गुण पुरतील की नाही, अशा नाना शंका त्यांच्या मनात असतात. त्यांची समजूत घालताना आम्हांस नेहमी एका स्त्रीच्या अर्जाची आठवण होते. तिचे बालपण काही काळ याच बेळगावात गेले, ही गोष्ट आपल्या गावातही फार थोड्यांना ठाऊक आहे. ती स्त्री म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुळात जन्मले व पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने मुलीप्रमाणे वाढविले होते. बेळगावहून हे कुटुंब पुण्यास गेले आणि तेथे फ्रान्सिनाबाईंनी शाळा चालविली. या घरी गांजलेल्या बायका सल्ला विचारावयास येत. कारभाऱ्याने मालमत्तेला फसविलेली एक विधवा आईकडे आली होती. तिची कहाणी लहानग्या कॉर्नेलियेने ऐकली आणि अशा बायकांसाठी आपण कायदा शिकावयाचा, असे तिच्या मनाने घेतले.

परंतु शिकावयाचे कोठे? मुंबई विद्यापीठाने तिच्या मोठ्या बहिणींना, केवळ त्या मुली म्हणून, परीक्षेची दारे बंद ठेवली होती. ती उघडल्यावर कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. शेकडो मुलांच्या त्या कॉलेजात शिकणारी पहिली मुलगी त्याच. वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेणारे महाभागही तेथे होते! तशाही स्थितीत त्या पहिल्या वर्गात पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. त्यांच्या यशाला विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. परंतु ती पुरुषांसाठीच आहे, असे सांगून नाकारण्यात आली. आमच्या मुली ज्या गुणांची चिंता करतात, ते गुण येथे भरपूर होते. अडले ते दुसऱ्याच ठिकाणी.

शिष्यवृत्ती हुकली तेव्हा त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याचे काम पत्करले. एका तरुणीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, हे त्या काळी नवलच होते. इकडे विलायतेत लेडी हॉबहाउस यांनी त्यांच्यासाठी वर्गणी गोळा केली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. अर्ज एकट्या अर्जदाराचा असतो, असे आपण समजतो; पण या अर्जामागे किती अनोळखी माणसांची खटपट होती! १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे पोहोचल्या.

बॅलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांचा त्यांच्यावर लोभ होता. कायद्याचे ग्रंथ वाचण्यासाठी ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयाचे दारही त्यांना उघडून मिळाले. प्रश्न उरला तो परीक्षेचा. बी. सी. एल. ही ऑक्सफर्डमधील कायद्याची वरच्या दर्जाची परीक्षा आजवर कोणत्याही स्त्रीने दिली नव्हती. हितचिंतकांनी विद्यापीठाकडे विनंत्या केल्या आणि अखेर खास ठरावाने परवानगी मिळाली. १८९२ मध्ये कॉर्नेलियाबाई परीक्षेस बसल्या. त्यांना तिसरा वर्ग मिळाला. चरित्रलेखक हा तपशील कधीकधी गाळतात; आम्हांस तो मुद्दाम सांगावासा वाटतो. परीक्षा झाली, उत्तीर्णही झाल्या, पण पदवी मिळाली नाही. कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसे.

मायदेशी परतल्यावर कोर्टाचे दारही बंदच आढळले. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईची एल्‌एल्. बी. परीक्षा दिली, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली; तरी वकिलीची सनद हाती पडेना. काठेवाड व इंदूर येथील दरबारांच्या कामांत इंग्रज प्रतिनिधीपुढे गोषातील स्त्रियांची बाजू मांडण्याची तेवढी खास मुभा मिळे. या स्त्रियांची स्थिती मोठी विलक्षण होती. नावावर जमीनजुमला असे, पण परपुरुषापुढे यावयाचे नाही, म्हणून वकिलाशी बोलता येत नसे. सारा व्यवहार कारभाऱ्याच्या हाती, आणि तोच लुबाडणारा निघाला तर दाद कोणाकडे मागावी? या कामी सरकारने स्त्री सल्लागार नेमावी, असा कॉर्नेलियाबाईंनी १९०२ पासून पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. विधवा व अज्ञान वारस यांच्या जमीनदाऱ्या पाहणारे हे खाते. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम अशा विस्तीर्ण मुलखात त्या हिंडल्या. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व पोरकी मुले यांना त्यांचे साहाय्य झाले. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या पक्षपाती होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. आमच्या मते त्यांची ही बाजू चुकीची होती. आणि आपल्या देशात त्यांचे नाव मागे पडले, त्याचे एक कारणही हेच असावे. पण गोषातील त्या विधवांचे खटले त्यामुळे खोटे ठरत नाहीत.

१९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला. १९२२ मध्ये कॉर्नेलियाबाई तेथे गेल्या आणि तीस वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेची पदवी त्यांनी घेतली. वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेली होती. १९२३ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही कायद्याने स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाली. मग त्यांनी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात व्यवसाय मांडला; पण उभे राहून खटला चालविण्याचे प्रसंग थोडेच आले, लेखी अभिप्राय तयार करण्याचे कामच अधिक वाट्याला आले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला जाऊन राहिल्या. १९३४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचा अंत झाला. लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविला गेला तो २०१२ मध्ये.