सुकुमार सेन

सन १९५० च्या मार्च महिन्यात सुकुमार सेन भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांचा जन्म १८९८ चा. कलकत्ता व लंडन येथे शिक्षण घेऊन त्यांनी गणितात सुवर्णपदक मिळविले, १९२१ मध्ये सनदी नोकरीत प्रवेश केला आणि पुढे ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. स्वतःविषयी त्यांनी फारसे लिहून ठेवले नाही. त्यांचे चरित्र त्यांच्या कामातच शोधावे लागते.

त्या वेळी देशात १७ कोटींहून अधिक मतदार होते. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. मग आपला उमेदवार त्यांनी ओळखावा कसा? यासाठी पक्षांना चिन्हे देण्यात आली. बैलजोडी, झोपडी, दिवा, वटवृक्ष या तर खेडुताच्या नित्य पाहण्यातल्या वस्तू! मतदानकेंद्रात प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने आडोशाला जावे, मनातील चिन्ह शोधावे आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकावी. लिहिण्याचे कामच नव्हते. अशा सुमारे २० लाख पोलादी पेट्या लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक मुंबईतील विक्रोळी येथे तयार झाल्या. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये, म्हणून बोटास सहज न पुसणारी शाई लावण्यात आली.

परंतु खरी अडचण याद्या करताना उभी राहिली. घरोघर फिरणाऱ्या कारकुनांस अनेक स्त्रिया आपले नावच सांगेनात. परक्या पुरुषासमोर नाव घेण्याची त्यांच्याकडे रीत नव्हती. तेव्हा अमक्याची आई, तमक्याची पत्नी अशा नोंदी झाल्या. मतदाराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावानेच पटली पाहिजे, असा सेन यांचा आग्रह होता. त्यांनी नावे मागविली. बिहारात तर त्यासाठी एक महिन्याची मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मिळाली नाहीत व त्या यादीबाहेर राहिल्या. पुष्कळ ओरड झाली. निर्णय कठोर होता, यात शंका नाही. त्या निवडणुकीत त्या स्त्रियांचा हक्क बुडालाच. पण आज नोंद तशीच चालवून घेतली, तर स्त्रीला स्वतःचे नाव कधीच मिळणार नाही, हे सेन यांनी ओळखले होते.

हिमाचलातील चिनी तालुक्यात बर्फ पडण्यापूर्वी, म्हणजे १९५१ च्या ऑक्टोबरातच, पहिले मतदान झाले. अन्यत्र ते १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. काही भाबड्या लोकांनी मतपेटीचीच पूजा केली!

पुढे १९५३ साली सुदान देशाच्या निवडणुकीसाठीही सेन यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी जुन्या पेट्या जपून ठेवविल्या होत्या. १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीत त्या पुन्हा कामी आल्या. त्या वर्षी देशातील सुमारे ९४ टक्के प्रौढ स्त्रिया मतदार म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी सेन पदावरून निवृत्त झाले आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.