अमेरिकेतील एक अस्पृश्य

१९५९ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले असता केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत गेले. मुले पूर्वास्पृश्य समाजातील होती. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची ओळख करून दिली ती अमेरिकेतील एक अस्पृश्य म्हणून. किंग यांना ते प्रथम झोंबले. मग गलिच्छ वस्त्यांत कोंडलेले आपले कोट्यवधी कृष्णवर्णीय बांधव त्यांना आठवले, आणि हे खरेच आहे असे त्यांनी मनाशी कबूल केले.

जन्म १५ जानेवारी १९२९, अटलांटा. वडील धर्मोपदेशक, तेही धर्मोपदेशक. १९५५ मध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी बसमधील जागा सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली. सव्वीस वर्षांच्या किंग यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. आपल्याकडे गाव आपल्या वस्तीवर बहिष्कार घालीत असे. तेथे दलितांनीच ते हत्यार हाती घेतले! किंग यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा संतापून जमलेल्या लोकांना त्यांनी शांतपणे घरी पाठविले.

पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्वांना ठाऊक आहे. शेवट मात्र कमी सांगितला जातो.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस येथे कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले. सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. आपण माणूस आहोत, एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. त्यांच्यासाठी किंग तेथे गेले, आणि ४ एप्रिलला गोळीला बळी पडले. १६ एप्रिलला शहराने कामगारांच्या युनियनला मान्यता दिली, पगारवाढही दिली.