पंडिता रमाबाई व देवाची पूर्वतयारी

देव ज्यास आपल्या कामावर पाठवितो त्यास त्या कामाचीं साधनेंही पुरवितो, असें आम्ही उपासनेच्या वेळीं मुलांस सांगत असतों. परंतु तीं साधनें पुष्कळदां साधनांसारखीं दिसत नाहींत, दुःखासारखीं दिसतात. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत ही गोष्ट आम्हांस फार स्पष्ट दिसते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस दिलें. पुराण सांगत तीर्थोतीर्थीं फिरणारें हें कुटुंब दुष्काळांत सांपडलें. आईबाप व वडील बहीण एकामागून एक गेलीं. उरलेलीं दोघें भावंडें पायीं देशभर हिंडलीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं जिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, त्या वीस वर्षांच्या मुलीनें भुकेनें झिजून मरणारीं माणसें आपल्या घरांतच पाहिलीं होतीं.

१८८० सालीं भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह झाला. १८८२ सालीं पटकीनें तेही गेले. पदरीं लहानगी मनोरमा. वैधव्य म्हणजे काय हें आतां पुस्तकांतून शिकण्याची गरज राहिली नाहीं.

वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथें त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचें दार बंद झालें. एखादा विद्यार्थी परीक्षेंत नापास झाला म्हणजे त्याच्या घरीं केवढें सुतक पडतें तें आम्ही पाहिलें आहे. येथें तर सर्व बेतच ढांसळला होता. रमाबाई चेल्टनहॅमच्या विद्यालयांत संस्कृत शिकवूं लागल्या, पुढें अमेरिकेस गेल्या, आणि १८८९ सालीं मुंबईस विधवांकरितां त्यांनीं शारदासदन काढिलें.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां त्या स्वतः तिकडे धांवल्या. उपाशी मुलगी कशी दिसते, तिला कोणाकोणाचें भय असतें, हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. शेंकडों मुली व विधवा केडगांवास आल्या, तेंच मुक्तिसदन. तेथें त्या लिहिणें-वाचणें, शेती, विणकाम व छपाई शिकल्या.

तरी आमच्या मतें सर्वांत नवलाची गोष्ट पुढची आहे. उतारवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. बालपणीं आईजवळ बसून केलेलें पाठांतर येथें फळास आलें. पण विद्येचा दिमाख त्यांनीं दाखविला नाहीं. खेड्यांतील बायांस कळेल असा सोपा शब्द हवा, म्हणून भारी संस्कृत शब्द त्यांनीं जाणूनबुजून टाळले. ती भाषा कांहीं ठिकाणीं ओबडधोबड लागते, हें मराठी शिकविणारे या नात्यानें आम्हांस कबूल केलें पाहिजे. परंतु जिच्यापाशीं संस्कृताचें भांडार होतें तिनेंच तें गरिबांसाठीं झांकून ठेवावें, याला आम्ही विद्वत्तेहून मोठी देणगी समजतों.

१९२१ सालीं, जिच्यावर पुढील कार्याची भिस्त होती ती मनोरमा वारली. आईनें भाषांतर सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविले होते मुक्तिसदनांतल्याच बायांनीं.