ओटो वारबुर्ग
ओटो हाइनरिक वारबुर्ग (जन्म : फ्रायबुर्ग, ८ ऑक्टोबर १८८३, मृत्यू : पश्चिम बर्लिन, १ ऑगस्ट १९७०) हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. कर्कपेशींच्या चयापचयाचा पाया घालणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन
त्यांचे वडील एमिल वारबुर्ग हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते. ओटो यांनी एमिल फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली १९०६ मध्ये रसायनशास्त्रातील व १९११ मध्ये हायडेलबर्ग येथे वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. श्वसनविकराचे स्वरूप व कार्यपद्धती यांच्या शोधाबद्दल त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांकडून ज्यू वंशाचे असूनही नाझी राजवटीत ते जर्मनीतच राहिले. १९४१ मध्ये त्यांना संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. मात्र लवकरच पुन्हा काम करू देण्यात आले. नोबेलविजेते हान्स क्रेब्ज हे त्यांचे शिष्य होत.

कर्करोगविषयक संशोधन
१९२० च्या दशकात त्यांनी अर्बुदांच्या पातळ कापांचा ऑक्सिजन-वापर दाबमापीने मोजला. भरपूर ऑक्सिजन असतानाही कर्कपेशी ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात, असे त्यांना आढळले. यालाच ‘वारबुर्ग परिणाम’ म्हणतात.

या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे केवळ २ रेणू मिळतात. उरलेले लॅक्टिक अम्ल रक्तावाटे यकृतात जाते व त्यापासून पुन्हा ग्लुकोज तयार होते. त्यासाठी मात्र ६ उच्च-ऊर्जा रेणू खर्ची पडतात. हे चक्र कार्ल व गर्टी कोरी यांनी उलगडले. कर्करुग्णाच्या देहक्षयामागील अनेक कारणांपैकी हा ऊर्जेचा अपव्यय एक मानला जातो. त्याखेरीज दाहकारक द्रव्यांमुळे भूक मंदावते आणि स्नायू व चरबी झिजते. म्हणून केवळ आहार वाढवून हा क्षय पूर्णपणे भरून येत नाही.

मूल्यमापन
पेशीच्या श्वसनातील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, असे वारबुर्ग अखेरपर्यंत मानत राहिले. पुढे बहुतेक अर्बुदांतील तंतुकणिका कार्यक्षम असल्याचे दिसून आले आणि जनुकीय बदलांना प्रमुख स्थान मिळाले. निष्कर्ष मागे पडला, तरी निरीक्षण टिकले. कर्कपेशींच्या ग्लुकोज शोषण्याच्या याच प्रवृत्तीचा उपयोग करून पेट स्कॅनद्वारे शरीरातील अर्बुदे शोधली जातात.