चोथ्याची किंमत ओळखणारा सर्जन

पीठ चाळायचे आणि कोंडा टाकून द्यायचा, ही सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. या चोथ्याला अन्नमूल्य नाही, असे वैद्यकशास्त्रही बराच काळ मानत होते. तो समज बदलणाऱ्यांत डॉ. डेनिस बर्किट यांचे नाव पुढे येते.

त्यांचा जन्म १९११चा, आयर्लंडमधील एनिस्किलनचा. अकराव्या वर्षी अपघातात एक डोळा गेला. डब्लिनमध्ये इंजिनिअरिंग सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि सर्जन झाले. १९४६ मध्ये ते युगांडात गेले. तिथे लहान मुलांच्या जबड्यात वाढणारी गाठ त्यांनी बारकाईने अभ्यासली. १९६१ मध्ये जुन्या गाडीतून सुमारे १० हजार मैल फिरून ती कुठे आढळते, याची नोंद केली. तो कर्करोग आज ‘बर्किट लिम्फोमा’ म्हणून ओळखला जातो.

१९६६ मध्ये ते ब्रिटनला परतले. मैदा आणि साखर अनेक आजारांच्या मुळाशी आहेत, असे सांगणारे डॉ. पीटर क्लीव्ह त्यांना भेटले. बर्किट यांना आपले खेड्यातले रुग्ण आठवले. अपेंडिक्सचा दाह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे आजार तिथे क्वचितच दिसत. मग त्यांनी अनेकांना किळसवाणे वाटेल असे काम केले: मळाचे वजन आणि अन्न बाहेर पडायला लागणारा वेळ मोजला. युगांडाच्या खेड्यात हा वेळ साधारण दीड दिवस, तर ब्रिटनमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट होता. ही निरीक्षणे १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

बर्किट यांचा भर वजनावर आणि वेगावर होता. पुढच्या संशोधनाने त्यात मोठी भर घातली. चोथा पचवणारी विकरे आपल्या शरीरात जवळजवळ नाहीत. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ती आहेत. ते चोथा आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींना बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळते. म्हणजे चोथा हे आपल्या जिवाणूंचे जेवण आहे.

बर्किट १९९३ मध्ये गेले. त्यांचे सगळे दावे तपासणीत टिकले नाहीत. पण चोथा खा, हा सल्ला टिकला.

तेव्हा पीठ न चाळता वापरा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, गवार, सालासकट पेरू ताटात येऊ द्या. प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पोटात गॅस धरेल. पाणीही पुरेसे प्या. मात्र शौचावाटे रक्त जात असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवा.