क्ष-किरणांचे जनक : विल्हेल्म राँटजेन

बीजगणितात जी संख्या ठाऊक नसते, तिला आपण ‘क्ष’ म्हणतो. उत्तर सापडले की क्ष नाहीसा होतो. परंतु विज्ञानाच्या इतिहासात एक क्ष असा आहे की, त्याचे उत्तर सापडूनही त्याचे नाव तेच राहिले. तो म्हणजे क्ष-किरण. ज्याने ते शोधले त्याला त्यांचे स्वरूप कळले नव्हते आणि ते कळले नाही हे मान्य करण्यास त्याला संकोचही वाटला नाही. त्या प्रामाणिक माणसाची ही जीवनकथा.

विल्हेल्म कोनराड राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी प्रशियातील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमधील अपेलडोर्न येथे राहावयास गेले. पुढे युट्रेख्ट येथील शाळेत शिकत असताना वर्गातील कोणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. काढणाऱ्याचे नाव सांगण्यास विल्हेल्मने नकार दिला आणि शिक्षा त्यालाच झाली. त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. शाळेचे अंतिम प्रमाणपत्र हाती नाही, म्हणून विद्यापीठांची दारेही बंद झाली.

अखेर १८६५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील तंत्रशिक्षण संस्थेने त्याला प्रवेश दिला. १८६९ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली. तरीही ते हरवलेले प्रमाणपत्र पाठ सोडीना. वुर्झबर्ग विद्यापीठाने त्याच कारणावरून त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. परंतु १८८८ मध्ये त्याच विद्यापीठाने राँटजेन यांना प्राध्यापक म्हणून बोलावले आणि १८९४ मध्ये ते तेथील कुलगुरुपदी बसले. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी यापूर्वी कोणी चढले नाही, अशा माझ्यासारख्यांना या घटनेने मोठा धीर येतो.

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी राँटजेन प्रयोगशाळेत एकटेच होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून ते विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती आणि खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावरील, रसायनाचा लेप दिलेला एक पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून आरपार जाणारे असे काहीतरी त्या नळीतून निघत होते. पुढील सुमारे सात आठवडे त्यांनी स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतले. कागद, लाकूड, मांस यांतून हे किरण जात आणि हाड व शिसे त्यांना अडवीत.

२२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नी बर्था हिला प्रयोगशाळेत बोलाविले आणि तिच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि त्यांतील एका बोटावर अंगठी दिसत होती. ते पाहून बर्थाला आनंद होण्याऐवजी आपल्या मृत्यूचीच चाहूल लागल्यासारखे वाटले, असे सांगतात. जगातील पहिल्या क्ष-किरण छायाचित्रांपैकी हे एक. म्हणजे या किरणांबरोबरच त्यांचे भयही जन्माला आले!

हे भय आजही जिवंत आहे, हे मी आमच्याच घरात पाहिले. आमच्याकडे एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. माझे काका पोटाच्या गाठीने गेले. त्यानंतर वडिलांचे पोट जरा दुखले की त्यांची झोप उडे. कर्ज काढून साऱ्या अंगाचा स्कॅन करून घ्यावा, असा त्यांनी हट्ट धरला. उलट आजीला दोन महिने खोकला होता आणि संध्याकाळी ताप येई. पण फोटो काढला की रोग निघतो, म्हणून ती दवाखान्याची पायरी चढेना. एकाच छपराखाली एक जण यंत्राकडे धावत होता आणि दुसरी यंत्रापासून पळत होती. मी शिकणारे, म्हणून दोघेही निवाडा माझ्याकडे मागत. तो देण्याचा अधिकार मला नव्हता. मी दोघांना घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी वडिलांना तपासले, खाणेपिणे विचारले आणि सध्या स्कॅनची गरज नाही असे सांगितले. वजन घटू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर मात्र लगेच यावे, असेही बजावले. आजीचा फोटो मात्र त्याच दिवशी काढावयास लावला आणि थुंकीही तपासली. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन ती बरी झाली. रोग फोटोने आणला नव्हता. तो आधीच होता आणि फोटोमुळे सापडला.

तेव्हा स्कॅन करावा की न करावा, हे भीतीने ठरवू नये. यातून काय शोधायचे आहे? ते सापडले तर उपचार बदलणार आहे काय? याहून साधी तपासणी आहे काय? एवढे डॉक्टरांना विचारावे. छातीच्या साध्या एक्स-रेतून शरीरात जाणारा किरणोत्सर्ग निसर्गातून सुमारे दहा दिवसांत मिळतो तेवढाच असतो. सी. टी. स्कॅनमध्ये तो कितीतरी पट अधिक असतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आणि एम. आर. आय. मध्ये चुंबक वापरतात, तेथे क्ष-किरण नसतातच. शिवाय निरोगी माणसाच्या स्कॅनमध्येही निरुपद्रवी डाग दिसतात आणि त्यांच्यापायी नव्या तपासण्यांचे व नव्या काळजीचे चक्र सुरू होते.

किरणांची भीती निराधार होती असेही नाही. प्रारंभी लोकांनी ते खेळण्यासारखे वापरले. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांनी भाजले आणि १९०४ मध्ये त्यांना मृत्यू आला. या कामात प्राण गमावलेल्यांचे स्मारक १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बर्ग येथे उभारण्यात आले. आजची मर्यादा आणि आजची काळजी त्यांच्या प्राणांच्या मोलाने आली आहे.

राँटजेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. तो सर्वांचा असावा, अशी त्यांची धारणा होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले आणि त्याची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठास दिली. उमरावाची पदवीही त्यांनी नाकारली. १९१९ मध्ये दीर्घ आजारानंतर बर्था गेली. जिच्या हाताची हाडे त्यांनी जगाला दाखविली, तिच्या वेदना ते किरण थांबवू शकले नाहीत. तेथे पतीची शुश्रूषाच तिच्या कामी आली. महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची पुंजी संपली आणि १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

जे ठाऊक नाही त्याला त्यांनी क्ष म्हटले. त्याला घाबरून ते पळाले नाहीत आणि घाईने त्याचा अर्थही लावला नाही. सात आठवडे शांतपणे ते पाहात राहिले. आपल्या देहातील अज्ञाताकडेही याच वृत्तीने पाहता आले, तर निम्मे दुखणे तेथेच हलके होईल.

— द्वितीय वर्ष, कला