संत दानिएल कोंबोनी : आफ्रिकेचे प्रेषित



ज्युबिलीच्या या मंगल वर्षी, ज्या मिशनऱ्यांच्या हातून आपल्या वाडवडिलांस श्रद्धेचे दान लाभले, त्यांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत. परंतु मिशनरी हा काही आकाशातून पडत नाही. तो कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाच्या तरी चुलीपाशी लहानाचा मोठा झालेला असतो. आणि ज्या दिवशी तो परदेशी जाण्यासाठी उंबरठा ओलांडतो, त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याच्या आईबापांचेही अर्पण होत असते. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रात विशेष स्पष्टपणे दिसून येते, अशा एका थोर पुरुषाची कथा आज आपणांपुढे ठेवीत आहे. ते म्हणजे मध्य आफ्रिकेचे प्रेषित संत दानिएल कोंबोनी.

जन्म व बालपण

इटलीच्या उत्तरेस गार्दा नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, लिमोने हे लहानसे गाव वसलेले आहे. त्या काळी हा मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि गावातील पुष्कळ लोकांचा निर्वाह लिंबांच्या बागांवर चालत असे. थंडी कडक असल्यामुळे हिवाळ्यात झाडांवर फळ्यांचे छप्पर घालून ती जगवावी लागत. अशाच एका धनिकाच्या बागेत लुइजी कोंबोनी हा माळी चाकरीस होता. त्याची पत्नी दोमेनिका ही भाविक व सोशिक स्त्री होती. त्यांच्या पोटी 15 मार्च 1831 रोजी दानिएल जन्मास आला.

या दांपत्यास आठ अपत्ये झाली. परंतु एकामागून एक ती काळाने हिरावून नेली आणि शेवटी दानिएल हा एकटाच उरला. दुसऱ्याच्या बागेतील झाडे जगविणाऱ्या त्या बापास स्वतःच्या घरातील रोपटी मात्र जगविता आली नाहीत. म्हाताऱ्या दिवसांची काठी म्हणून ज्याच्याकडे पाहावे, असा हा एकुलता एक मुलगा. पुढील कथेचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मुलगा बुद्धीने तल्लख, पण शिकविण्यास पैसा नाही. त्या समयी वेरोना शहरात फादर निकोला मात्सा नावाच्या परोपकारी धर्मगुरूंनी गरिबांच्या हुशार मुलांसाठी एक विद्यालय चालविले होते. 1843 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, दानिएल तेथे दाखल झाला.

पाचारण

वेरोनास असता जपानच्या रक्तसाक्षींचा इतिहास त्याच्या वाचनात आला. त्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता. ते पुस्तक वाचून आपणही मिशनरी व्हावे ही इच्छा त्याच्या मनात प्रथम उगवली. मात्र तिचा ओढा जपानकडे होता. आफ्रिकेचा विचार त्यास शिवलाही नव्हता.

परमेश्वराची योजना निराळी होती. परमगुरू सोळावे ग्रेगरी यांनी 1846 मध्ये मध्य आफ्रिकेचे मिशनक्षेत्र स्थापन केले होते आणि मात्सा यांचे एक शिष्य, फादर आंजेलो विंको, पहिल्या तुकडीबरोबर तेथे गेले होते. ते 1849 च्या आरंभी काही काळासाठी वेरोनास परत आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांपुढे नील नदीकाठच्या लोकांची हकीकत सांगितली : तेथील दारुण गुलामगिरी, तेथील रोगराई, आणि ज्यांच्या कानी सुवार्ता कधीच पडली नाही असे अगणित जीव. सतरा वर्षांच्या दानिएलने ते सारे ऐकले आणि फादर मात्सा यांच्या पायांशी गुडघे टेकून, आपले आयुष्य मध्य आफ्रिकेस वाहण्याची शपथ घेतली.

शपथ घेणे हे एका क्षणाचे काम. ती पेलण्याची तयारी हे वर्षांचे काम. पुढील आठ वर्षे दानिएलने तयारीत घालविली. त्याने ईशज्ञानाबरोबर अरबी व इतर भाषांचा अभ्यास केला आणि थोडेफार वैद्यकही शिकून घेतले. 31 डिसेंबर 1854 रोजी त्रेंतो येथे बिशप चिदेरेर यांच्या हस्ते त्यास गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी वेरोनाजवळील बुत्तापिएत्रा गावी पटकीची साथ पसरली असता या नवदीक्षित धर्मगुरूने जिवाची पर्वा न करता रोग्यांची शुश्रूषा केली.

खरी कसोटी

1857 मध्ये आफ्रिकेस जाण्याची वेळ आली आणि फादर कोंबोनी यांच्या अंतःकरणात मोठा झगडा सुरू झाला. तो त्यांनी आपल्या गावचे धर्मगुरू फादर पिएत्रो ग्राना यांस पत्रांतून मोकळेपणाने कळविला. प्रवासाची, कष्टांची, किंबहुना मृत्यूचीही त्यांस भीती नव्हती. पण आपण गेल्यावर आईबापांचे काय, या विचाराने त्यांचे पाऊल अडखळत होते. एक तर त्यांच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावयाची होती; आणि दुसरे म्हणजे, सात मुले गमावलेल्या मातापित्यांनी आठवेही आपण होऊन हातचे सोडावे, हे त्यांस सांगावे तरी कोणत्या तोंडाने?

आपल्यातील पुष्कळ तरुण विचारतात की, देवाचे पाचारण ओळखावे कसे? फादर कोंबोनी यांनी जे केले ते येथे पाहण्यासारखे आहे. त्यांनी केवळ आपल्या उत्साहावर भरवसा ठेवला नाही. ते एकांतात प्रार्थनेस बसले आणि फादर मारानी या अनुभवी धर्मगुरूंपुढे त्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडला. त्या वृद्ध गुरूंनी सर्व ऐकून घेतले व त्यांचे पाचारण निःसंशय ईश्वराचेच आहे असा निर्वाळा दिला. इकडे आईबापांच्या निर्वाहाचीही काळजी वाहिली गेली. अखेर लुइजी व दोमेनिका यांनी जड अंतःकरणाने आपला मुलगा देवास दिला. अब्राहामाने इसहाकास वेदीवर ठेवले ते एका दिवसापुरते. या दांपत्याने मात्र आपला दानिएल जन्मभरासाठी ठेवला.

नील नदीच्या काठी

1857 च्या सप्टेंबरात सहाजणांची तुकडी निघाली. वाटेत कोंबोनी यांनी पवित्र भूमीचे दर्शन घेतले. 8 जानेवारी 1858 रोजी मंडळी खार्टूमला पोहोचली. आणि तेथून श्वेत नीलच्या प्रवाहाने दक्षिणेस, आज दक्षिण सुदान म्हणतात त्या प्रदेशात, डिंका लोकांमधील पवित्र क्रूस या ठाण्यावर फेब्रुवारीत गेली.

तेथे दलदल, डास आणि ताप. सोबतचा लोहार इसिदोरो झिल्ली हा खार्टूमलाच निवर्तला होता. 26 मार्च रोजी, ठाण्यावर येऊन दीड महिनाही लोटला नव्हता तोच, फादर ओलिबोनी यांनी प्राण सोडला. मरतेसमयी त्यांनी सोबत्यांस कळकळीची विनवणी केली की, तुमच्यापैकी एकच उरला तरी त्याने धीर सोडू नये, माघार घेऊ नये. कोंबोनी यांनी त्या मृत्युशय्येशी आपली शपथ पुन्हा मनोमन घेतली. त्याच वर्षी 14 जुलै रोजी लिमोने येथे आई दोमेनिका वारली. ती वार्ता मुलास कळावयास कित्येक महिने लागले. आणि कळली तेव्हा तापाने खंगलेल्या त्या मुलाने, आता अगदीच एकट्या पडलेल्या बापास धीर देण्यासाठी पत्र लिहिले. 1859 मध्ये प्रकृती पार ढासळल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून ते इटलीस परतले.

बाहेरून पाहता सारे फसले होते. परंतु शपथ कायम होती. मार्ग तेवढा नवा शोधावयाचा होता.

नवी योजना

कोंबोनी यांनी दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. युरोपातून गेलेले मिशनरी आफ्रिकेच्या अंतर्भागात तापाने मरत. आणि गुलामीतून सोडवून युरोपात शिकावयास आणलेली आफ्रिकन मुले तेथील थंडीने आजारी पडत, पुष्कळ दगावतही. मग करावे काय? 15 सप्टेंबर 1864 रोजी रोम येथे, संत पेत्राच्या समाधीपाशी प्रार्थना करीत असता, त्यांच्या मनात एक योजना एकाएकी स्पष्ट झाली. आफ्रिकेच्या किनाऱ्याकाठी, जेथील हवा दोघांसही मानवेल अशा ठिकाणी, विद्यालये काढावी. तेथे आफ्रिकन तरुण-तरुणींस शिक्षक, धर्मशिक्षक, कारागीर, धर्मभगिनी व धर्मगुरू म्हणून तयार करावे. आणि मग त्यांनीच आपल्या बांधवांकडे अंतर्भागात जावे. सारांश, आफ्रिकेचा उद्धार आफ्रिकेच्याच लेकरांच्या हातून व्हावा. आफ्रिकन मनुष्यास गुरासारखे विकत घेणारे बाजार ज्या काळी भरत होते, त्या काळी हा विचार मांडण्यास मोठी श्रद्धा लागत होती. परमगुरू नववे पायस यांनी ही योजना आपुलकीने ऐकून घेतली.

1865 मध्ये फादर मात्सा निवर्तले आणि त्यांच्या संस्थेने आफ्रिकेचे कार्य सोडून दिले. तेव्हा कोंबोनी यांनी 1867 मध्ये वेरोना येथे मिशनऱ्यांची स्वतंत्र संस्था उभारली, त्याच वर्षी कैरो येथे विद्यालये उघडली, आणि 1872 मध्ये धर्मभगिनींचा संघ स्थापिला. 1870 च्या व्हॅटिकन परिषदेत त्यांनी मध्य आफ्रिकेच्या लोकांसाठी सत्तर बिशपांच्या सह्यांचा अर्ज दाखल केला. पण परिषद मध्येच तहकूब झाल्यामुळे तो चर्चेस आलाच नाही. अशी निराशा त्यांच्या वाट्यास वारंवार आली, परंतु तिने ते खचले नाहीत.

पुनरागमन व अंत

1872 मध्ये मध्य आफ्रिकेच्या मिशनची धुरा त्यांच्याकडे आली. पुढील वर्षी मे महिन्यात, माघारी फिरल्यापासून चौदा वर्षांनी, ते खार्टूमच्या लोकांपुढे उभे राहिले आणि त्यांनी अरबी भाषेत प्रवचन केले. आपले तारुण्यातील पहिले प्रेम याच लोकांवर जडले होते, आणि यापुढे त्यांची सुखदुःखे तीच आपली, असे त्यांनी सांगितले. 14 सप्टेंबर 1873 रोजी एल ओबेद येथे त्यांनी ते सारे मिशनक्षेत्र येशूच्या परमपवित्र हृदयास समर्पित केले. नुबा डोंगरात देलेन येथे त्यांनी नवे ठाणे वसविले; एल ओबेदजवळ मालबेस येथे गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांसाठी शेतीचे ख्रिस्ती खेडे उभारले. गुलामांच्या व्यापाराशी तर त्यांनी उघड वैर धरले होते.

12 ऑगस्ट 1877 रोजी त्यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. परंतु ते परततात तोच अवर्षण व दुष्काळ यांनी सुदान ग्रासला, रोग पसरले, लोक व मिशनरी पटापट मरू लागले. कर्जाचा बोजा वाढला. त्यातच आपल्याच माणसांकडून निंदा व खोटे आरोप सोसावे लागले. आणि शत्रूच्या घावापेक्षा हा घाव जिव्हारी लागतो. एकेक सोबती पुरून परत येणाऱ्या या बिशपांनी 10 ऑक्टोबर 1881 रोजी खार्टूम येथे तापाने देह ठेवला. वय अवघे पन्नास.

मरणोत्तरही त्यांस विसावा लाभला नाही. त्याच वर्षी सुदानात महदीचे बंड पेटले होते. देलेन व एल ओबेद येथील धर्मगुरू व भगिनी कैदेत पडल्या. 1885 च्या जानेवारीत खार्टूम पडले आणि कोंबोनी यांची समाधीही उद्ध्वस्त झाली. मिशनचे नावही उरते की नाही, असे वाटले.

पेरणीचे फळ

परंतु दाणा जमिनीत पडून मेला की पीक येते, हा प्रभूचा नियम आहे. 1873 मध्ये एक डिंका मुलगा गुलामीतून निसटून एल ओबेदच्या मिशनमध्ये आश्रयास आला होता. कोंबोनी यांनी त्यास आपले दानिएल हे नाव दिले व पुढे शिक्षणासाठी रोमला नेले. तोच दानिएल सोरूर 1887 मध्ये कैरो येथे धर्मगुरू झाला. ज्या डिंका लोकांमध्ये ओलिबोनी यांनी प्राण सोडला, त्याच लोकांतील एक पुत्र ख्रिस्ताच्या वेदीवर उभा राहिला. कोंबोनी ते पाहण्यास नव्हते, पण योजना खरी ठरली होती. पुढे त्यांचे मिशनरी सुदानात परतले, युगांडात गेले, आणि जगभर पसरले. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी 17 मार्च 1996 रोजी त्यांस धन्यवादित, आणि 5 ऑक्टोबर 2003 रोजी संत म्हणून घोषित केले.

धर्मग्रामस्थहो, आपल्या घरांतून आता पूर्वीसारखी आठ-आठ मुले नसतात. एक किंवा दोन. आणि त्यातील एखाद्याने सेमिनरीचे वा कॉन्व्हेंटचे नाव काढले की आईच्या पोटात धस्स होते. ती धसकी पाप नव्हे. दोमेनिकाच्या पोटातही ती होतीच. मुलानेही ती क्षुल्लक मानू नये. कोंबोनी यांनी आईबापांची तजवीज केल्यावाचून पाऊल उचलले नाही. पण प्रभूची हाक खरी आहे असे प्रार्थनेने व योग्य सल्ल्याने कळून आले, तर वाट अडवून उभे राहू नये, एवढीच माझी विनंती. लिमोनेच्या त्या गरीब माळ्याने आपले एकुलते रोपटे देवास दिले, आणि त्याची सावली एका खंडावर पडली.

या ज्युबिलीच्या वर्षी आपल्या धर्मग्रामातूनही प्रभूने आपल्या मळ्यासाठी कामकरी निवडावे, आणि देण्याचे धैर्य आपल्या मातापित्यांस द्यावे, अशी संत दानिएल कोंबोनी यांच्या मध्यस्थीने येशूच्या परमपवित्र हृदयाजवळ नम्र प्रार्थना.